भट्टीची बातमी

दादाने कागद आणि पेन आधीच टेबलावर मांडून ठेवले होते. चहा नंतर आला.

रविवारची दुपार होती, साडेतीनचा सुमार. एवढ्या उकाड्यात दादाच्या बैठकीच्या खोलीच्या खिडक्या बंद होत्या, पडदे ओढलेले होते आणि पंखा शेवटच्या आकड्यावर फिरून नुसती गरम हवा ढवळत होता. खाली काच कारखान्याच्या वसाहतीच्या आवारात सकाळपासून माणसं जमत होती. भट्टीवरचे, पॅकिंगमधल्या बायका, दोन-चार ड्रायव्हर. कोणी घोषणा देत नव्हतं, की दगड उचलत नव्हतं. नुसते येऊन उभे राहत होते, वर बघत होते आणि आपसात हळू बोलत होते. ओरडले असते तर बरं, असं ताईला जिना चढताना वाटलं होतं. तिला सगळ्यांनी वाट करून दिली. कोणी काही विचारलं नाही. शाळेतल्या बाई म्हणून इतकी वर्षं मिळालेला मान आज पहिल्यांदाच तिच्या अंगावर आला.

"बस," दादा म्हणाला. "चारच ओळी आहेत. मी कच्चं लिहून ठेवलंय. तू तुझ्या अक्षरात उतरव आणि खाली सही कर. उद्या दहाच्या आत मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर गेलं पाहिजे."

ताईने कागद उचलला. कारखान्याच्या कार्मिक विभागात बावीस वर्षं काढल्यावर माणसाचं प्रेमपत्रसुद्धा परिपत्रकासारखं उतरत असणार. 'सहावीच्या वर्गात लावलेले कार्ड हे एका विद्यार्थिनीच्या कल्पनेतून आलेले असून त्यातील मजकुरास कोणताही आधार नाही. सदर विद्यार्थिनीस समज देण्यात आली आहे. हे पत्र प्रार्थनेच्या वेळी सर्व विद्यार्थ्यांसमोर वाचून दाखवण्यात येईल.'

"सदर विद्यार्थिनी," ताई म्हणाली. "तुझी पुतणी आहे ती दादा. बिट्टी आहे."

"मला सांगतेस?"

"आणि सगळ्या शाळेसमोर वाचायचं? चारशे पोरांसमोर?"

"पोरं काय गं, दोन दिवसांत विसरतात."

"तू विसरला होतास? चौथीत तुला बाकावर उभं केलं होतं ते अजून सांगतोस."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्यांचे वडील, अण्णा, बसले होते. खिडकीपाशी धाकटा भाऊ उभा होता. पडद्याच्या फटीतून तो खाली बघे, मग घड्याळाकडे बघे आणि पुन्हा खाली. बिट्टी त्याची मुलगी. त्याची बायको दवाखान्यात ड्यूटीवर गेली होती आणि जाताना ताईला जिन्यात अडवून एवढंच म्हणाली होती, "ताई, मी नाहीये तिथे. तुम्ही आहात म्हणून जातेय."

ते वाक्य घेऊनच ताई वर आली होती.

*

कार्ड काही आभाळातून पडलं नव्हतं. त्याची सुरुवात खरं तर अण्णांपासून झाली होती.

चौतीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी उभं राहून अण्णांच्या डोळ्यांची पार वाट लागली. पोरं लहान होती तेव्हाच बारीक अक्षर दिसेनासं झालं; तेव्हापासून पेपर हातात धरत, तो पण नुसता वासासाठी. मग घरातलं जे मूल हाताशी सापडेल त्याने चहाच्या वेळी त्यांना बातम्या वाचून दाखवायच्या, असा शिरस्ता पडला. पण अण्णा नुसतं ऐकून घेणारे नव्हते. बातमी संपली की ते बोट वर करत. कोण म्हणतं? त्याला कसं कळलं? आणखी कोणाला विचारलं? तीन प्रश्नांची उत्तरं बातमीत नसतील तर म्हणत, "ठेव बाजूला. शिळी होऊ दे, मग बघू." दादा, ताई, धाकटा, तिघंही या प्रश्नांवर वाढले. आता पाळी बिट्टीची होती. ती खालच्या मजल्यावरून रोज सकाळी पेपर काखेत मारून वर येई आणि आजोबांशी हमरीतुमरीवर येऊन भांडे.

ताईने ते तीन प्रश्न उचलून सरळ शाळेत नेले. सहावीच्या वर्गात मागच्या भिंतीवर 'बातमीची भिंत' केली. मुलांनी आठवड्याला एक बातमी आणायची, ती कार्डावर आपल्या शब्दांत लिहायची आणि खाली तीन ओळी भरायच्या. शक्य असेल तिथे बातमीला आकडा जोडायचा. पहिल्या महिन्यात बहुतेकांनी 'कोण म्हणतं' पुढे 'टीव्ही' लिहून हात झटकले. ताईने ती कार्डं परत केली. टीव्ही बोलत नाही, टीव्हीत माणूस बोलतो. तो कोण?

दोन महिन्यांपूर्वी एका पोराने बातमी आणली की कुठल्याशा मोठ्या सरबताच्या कंपनीने काचेच्या बाटल्या बंद करून प्लास्टिकच्या घ्यायचं ठरवलंय. ताईने नेहमीसारखं विचारलं, "याचा आपल्याशी काय संबंध?" मग मागच्या बाकावरून पॅकिंगवाल्या बाईंची मुलगी म्हणाली, "मग आपल्या बाटल्या कोण घेणार?"

त्या प्रश्नाने ताईला इतका आनंद झाला होता, की तिने गणिताचा अख्खा धडा बदलला. स्तंभालेख शिकवायचाच होता. पुस्तकातली फळविक्रेत्याची केळी मोजण्यापेक्षा शाळेच्या फाटकासमोरून कारखान्यात जाणारे वाळूचे ट्रक मोजू या. भट्टीला वाळू लागते, बाटल्या कमी तर वाळू कमी. बत्तीस पोरांनी पाळ्या लावून सहा आठवडे ट्रक मोजले. बावीस, एकवीस, सतरा, बारा, नऊ, चार. फळ्यावर स्तंभ उतरत गेले आणि पोरं हरखून गेली. आपण मोजलेलं काहीतरी सांगतंय, हे कळल्यावर मूल जसं बघतं, तसं बघायला मिळावं म्हणून तर माणूस मास्तरकी करतो.

आणि शुक्रवारी, पालकांच्या भेटीच्या दिवशी, बिट्टीने तिचं कार्ड दिलं.

'आपल्या कारखान्याची भट्टी विझणार आहे. कोण म्हणतं: माझे मोठे काका, फोनवर. त्यांना कसं कळलं: ते ऑफिसात मोठ्या जागेवर आहेत. आणखी कोणाला विचारलं: आमच्या वर्गाचा ट्रकांचा आलेख.'

अक्षर सुरेख होतं. तिन्ही ओळी भरलेल्या होत्या. ताईने खाली हिरव्या पेनने टिक केली आणि कार्ड भिंतीवर गेलं. संध्याकाळपर्यंत कोण्या पालकाने काढलेला त्याचा फोटो प्रत्येक पाळीतल्या प्रत्येक मोबाइलवर होता. शनिवारी सकाळी फाटकाशी तीनशे माणसं उभी होती आणि मॅनेजरने दादाला बोलावून विचारलं होतं, हे तुमच्या घरातून फुटलं ना?

*

"मी सांगतो काय झालं," दादा म्हणाला. तो आता उभा राहिला होता आणि टेबल ते कपाट अशा येरझारा घालत होता. "फोन इथेच, गॅलरीत घेतला मी. आत कार्टं पेपर वाचतंय आजोबांना, मला काय ठाऊक तिचा एक कान इकडे आहे ते!"

"कार्टं म्हणू नको," धाकटा खिडकीतून न वळता म्हणाला.

"बरं. गुणी बाळ म्हणतो. गुणी बाळाने माझं नाव भिंतीवर टांगलं. ताई, तुमच्या त्या भिंतीवर कुणाचं नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारायचं, हे कोणत्या इयत्तेत शिकवता?"

ताईने कागद टेबलावर परत ठेवला. शनिवारची सगळी रात्र तिने हाच प्रश्न स्वतःला विचारत काढली होती. नाव लिहा, नाव लिहा, म्हणून पोरांच्या मागे लागली होती ती जूनपासून. ज्याचं नाव लिहिलं त्याचं पुढे काय होतं, हे तिने एकदाही शिकवलं नव्हतं. तिच्याच मनात कधी आलं नव्हतं.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "ते मी लिहून देते. कार्ड मी तपासलं, मी लावलं, नाव लिहायला नको होतं. त्याखाली सही करते. पण बातमी खोटी होती असं नाही लिहिणार."

"मग उपयोग काय त्याचा? त्यांना खोटीच हवी आहे."

"खरी आहे म्हणूनच ना?"

वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दारातच थबकली. दादाने तिच्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघ. मी तिथे आहे तोवर काहीतरी हातात आहे. दुसऱ्या गावच्या कारखान्यात कोणाला पाठवता येईल त्याची यादी मीच करतोय. साठ नावं झालीत. मला काढलं तर ती यादी कोण करणार? तो नवीन आलेला पोरगा? त्याला भट्टीवरच्या एकाचंही नाव माहीत नाही. एका पोरीला दोन मिनिटं वाईट वाटेल आणि साठ घरं उभी राहतील. गणित तुझं आहे, तूच मांड."

हे खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. दादा स्वार्थी असता तर ताईला सोपं गेलं असतं. लहानपणापासून तो असाच. सगळ्यांचं ओझं न विचारता उचलायचा आणि मग सगळ्यांवर डाफरायचा.

"ताई," धाकटा पहिल्यांदाच वळला. त्याचा चेहरा ओढलेला होता. "लिहून टाक."

"काय?"

"बिट्टीला मी समजावतो. खाली बघितलंस किती लोक आहेत? दादाला काढलं तर उद्या मलाही काढतील. स्टोअरकीपर काय, कुणीही मिळतो. लिही, मोकळी हो."

ताईला वाटलं, आपल्या पायाखालचं पायपुसणं कोणीतरी ओढलं. धाकटा तिच्या बाजूचा, हे तिने धरूनच ठेवलं होतं. बाप आहे तो. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनी पदराने तांब्याचं बूड पुसत होती, पुसून कोरडं झालं तरी पुसत होती.

"यादीत यांचं नाव आहे का?" वहिनीने एकदम विचारलं.

"कोणाचं?" दादा म्हणाला.

"भावजींचं."

"आहे. पहिल्या पाचात आहे. त्याला उगाच थांबवत होतो काय मी?"

"यादी कधीपासून करताय तुम्ही?"

दादा थांबला. वहिनीला काही ठाऊक नव्हतं की ठाऊक असून तिने विचारलं, हे ताईला पुढे कित्येक दिवस कळलं नाही.

"दोन महिने झाले," तो म्हणाला.

धाकट्याने पडदा सोडला.

"दोन महिने?" तो म्हणाला. "दादा, मी गेल्या महिन्यात तुझ्याकडे आलो होतो. याच टेबलावर बसलो होतो. त्या औषधाच्या कंपनीत जागा मिळतेय, घेऊ का म्हणून विचारलं होतं. तू काय म्हणालास?"

"थांब म्हणालो. तुझं नाव यादीत..."

"घाई करू नको म्हणालास. इथली नोकरी म्हणजे दगडावरची रेघ म्हणालास! मी त्या लोकांना नाही कळवलं. बायको चार दिवस बोलत नव्हती माझ्याशी, तिला सांगितलं, दादाने विचार करूनच सांगितलं असेल."

"मला बोलायची परवानगी नव्हती. सही घेतात आमची, कळतंय का तुला? आणि तिकडे पाठवणार होतो ना तुला मी."

"मला कोणी विचारलं, मला तिकडे जायचंय का?" धाकट्याचा आवाज चिरकला. "ताई, नको लिहू. एक अक्षर लिहू नको. माझ्या पोरीने मला सांगितलं, दादा. भावाने नाही, अकरा वर्षांच्या पोरीने. भिंतीवर चिकटवून!"

"अरे हळू, खाली ऐकू जातंय."

"जाऊ दे!"

आता अण्णा उठायला लागले. वहिनी धावली, पण त्यांनी हातानेच तिला थांबवलं आणि खुर्चीच्या दांडीला धरून उभे राहिले. त्यांची नजर नेहमीसारखीच कोणाच्याच तोंडावर नेमकी पडत नव्हती.

"दोन महिने मला रोज बातम्या वाचून दाखवल्या या घरात," ते म्हणाले. "कुठल्या देशात काय पडलं, कोण निवडून आलं. आणि भट्टीचं कोणी नाही सांगितलं."

"अण्णा, तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"भट्टी विझली की आतली काच आतच थिजते. विटा तडकतात. मग कोणी मनात आणलं तरी ती परत पेटत नाही, नवीन बांधावी लागते. तुला ठाऊक आहे ना? ऑफिसातला आहेस म्हणून विचारतो."

"ठाऊक आहे."

"अकरा वर्षं पेटती आहे ही. पेटवली तेव्हा मी होतो तिथे, निवृत्त झालो होतो तरी बोलावलं होतं मला." अण्णांनी हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. ताईने आपल्या बापाला आई गेली तेव्हासुद्धा असं पाहिलं नव्हतं. "मला शेवटचं जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं होतं. दिसत नाही, पण ऊब तर लागते तोंडाला."

दादा खाली बसला. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजून अंगाला चिकटली होती.

"आणि तू," तो ताईला म्हणाला, पण आता त्यात धार नव्हती. "तुझी टिक आहे त्या कार्डावर. तू वाचलं होतंस. माझं नाव दिसलं तुला. मला एक फोन करता आला नाही?"

हाही प्रश्न येणार, हे ताईला माहीत होतं. घंटा झाली होती, पालक दारात आले होते, बत्तीस कार्डं तपासायची होती, ही सगळी कारणं तिने पाठ करून आणली होती. ती खरीही होती. पण अण्णांच्या समोर ती तोंडातून बाहेर पडेनात.

"आला असता," ती म्हणाली. "मी फोन हातात घेतलाही होता. मग वाटलं, तू तरी कुठे केलास मला? माझ्या वर्गातल्या बत्तीस पोरांचे आईबाप तुझ्या कारखान्यात आहेत आणि तू दर रविवारी इथे बसून माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतोस. राग आला मला. म्हटलं, लागू दे कार्ड. रागाने केली मी ती टिक. पोरीच्या आडून तुझ्यावर राग काढला."

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं नाही. उलट लाज वाटली, आणि ती वाटणं बरोबरच होतं.

*

दार उघडंच होतं. बिट्टी केव्हा आली ते कोणालाच कळलं नाही. खालच्या मजल्यावर अभ्यासाला बसवलेली मुलगी, पण या इमारतीचा जिना म्हणजे घराघरांतलं बोलणं वर-खाली पोहोचवणारा पाइप होता. तिच्या हातात एक नवं पांढरं कार्ड होतं, शाळेतलंच, आणि डोळे रडून लाल झाले होते. पण आता ती रडत नव्हती. आता ती कामावर होती.

"बिट्टी, घरी जा," धाकटा म्हणाला.

"जाते. एक मिनिट." ती थेट दादासमोर जाऊन उभी राहिली. "काका, मी दुसरं कार्ड लिहिते. मग आत्याला सही नको करायला. आणि तुम्हाला पण कोणी काढणार नाही. मी लिहिलंय अर्धं. बघा."

दादाने कार्ड घेतलं नाही, म्हणून तिने स्वतःच वाचून दाखवलं, आजोबांना वाचते तसं, खणखणीत.

"आपल्या कारखान्याची भट्टी विझणार नाही. आधीची बातमी चुकीची होती. कोण म्हणतं: माझे मोठे काका." ती थांबली. "हे चालेल ना? आता विचारून लिहितेय."

"बिट्टी," ताई म्हणाली.

"थांब ना आत्या. पुढचं अडलंय. त्यांना कसं कळलं." तिने पेन्सिल पुढे केली. "काका, इथे काय लिहू?"

दादाने पेन्सिल घेतली. ताईला एक क्षण वाटलं, तो आता भरणार ती ओळ. बावीस वर्षांत त्याने याहून अवघड जागा भरल्या असतील. तो कार्डाकडे बघत राहिला. कार्डावर ओळीपुढची टिंबं बिट्टीने पट्टी लावून काढली होती.

"आणि खाली आलेखाचं पण आहे," बिट्टी मदतीला धावून आली. "ते खोडू का? पण काका, ते ट्रक आम्ही खरंच मोजलेत. चुकले असतील तर परत मोजतो."

"नाही गं," दादा म्हणाला. "नाही चुकले. बरोबर मोजलेत तुम्ही."

"मग?"

त्याने पेन्सिल तिच्या हातात परत दिली. मग टेबलावरचा आपला कच्चा कागद उचलला, घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि खिशात ठेवला.

"काही लिहू नकोस," तो म्हणाला. "माझ्या चपला कुठे आहेत?"

"अहो, कुठे निघालात?" वहिनी म्हणाली.

"खाली."

"खाली जाऊन काय बोलणार तुम्ही? सही घेतलीय ना तुमची?"

"घेतलीय."

"मग यादीचं काय?"

दादा चपलेत पाय घालता घालता थांबला. क्षणभर तो इतका दमलेला दिसला, की वहिनी पुढे झाली. "यादी माझ्या कपाटात आहे," तो म्हणाला. "साठ नावं आणि कोणाला कुठे भेटायचं ते सगळं आहे. धाकट्या, तू ती घेऊन ये. मला काढेपर्यंत त्यांच्या हातात तरी पडेल."

धाकटा हलला नाही. त्याचा राग एवढ्यात उतरणारा नव्हता आणि उतरावा अशी ताईचीही अपेक्षा नव्हती. पण दादाची पावलं जिन्यात वाजायला लागल्यावर तो गेला, कपाट उघडलं आणि फाइल काढून निमूटपणे त्याच्या मागे गेला.

*

वहिनीने पडदे सारले, गॅलरीचं दार उघडलं आणि सगळे गॅलरीत आले. अण्णांना ताईने हाताला धरून आणलं. खाली दादा इमारतीच्या पायरीवर उभा होता, धाकटा त्याच्या एक पायरी मागे. माणसं पुढे सरकली.

दादाला भाषण येत नव्हतं. बैठकांमध्ये तो कागदावरचं वाचायचा. आज कागद खिशात होता आणि तो त्याने काढला नाही.

"पोरांनी लिहिलंय ते खरं आहे," तो म्हणाला. "भट्टी सतरा तारखेला थंड करणार आहेत. मला दोन महिन्यांपासून माहीत होतं."

सतरा तारीख ताईनेही पहिल्यांदाच ऐकली. दोन आठवडेसुद्धा उरले नव्हते. खालून एक मोठा, लांबलेला आवाज आला, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. कोणीतरी दादाला शिवी हासडली. कोणीतरी त्या माणसाला गप्प केलं. धाकट्याने फाइल उघडली आणि नावं वाचायला सुरुवात केली, पण त्याचं कोणी ऐकेना, तेव्हा तो पायरीवरून उतरून गर्दीतच शिरला. अण्णांनी ताईचा हात घट्ट धरला होता. ते खाली न बघता समोर बघत होते, जिकडे धुराडं होतं तिकडे.

"आणि शाळा?" पॅकिंगवाल्या बाईंचा आवाज होता तो, बारीक पण सगळ्यांवर चढलेला. "साहेब, शाळेचं काय? वर्ष अर्धं झालंय पोरींचं."

दादाने मान वर केली आणि गर्दीच्या डोक्यावरून सरळ गॅलरीकडे, ताईकडे पाहिलं. मग तिला कळलं. शाळा कारखान्याची, जमीन कारखान्याची, शाळेमागच्या तिच्या दोन खोल्याही कारखान्याच्या. जूनपासून बत्तीस पोरांना तिने विचारलं होतं, या बातमीचा आपल्याशी काय संबंध. एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. दर रविवारी दादा हवापाण्याच्या गप्पा का मारत होता, तेही आता कळलं.

"शाळापण," दादा म्हणाला. "त्याच दिवसापासून."

ताईने कठडा धरला. तिला रडू आलं नाही; उद्या साडेदहाला वर्गात काय करायचं एवढंच सुचत राहिलं.

शेजारी बिट्टीने कार्ड उलटं करून कठड्यावर टेकवलं होतं. तिची पेन्सिल तयार होती.

"आत्या, शाळेची बातमी मग कुठल्या भिंतीवर लावायची?"

"आपल्याच," ताई म्हणाली. "सतरापर्यंत आपलीच आहे. लिही."

बिट्टी लिहू लागली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मग ती अडली आणि वर बघून, जरा घाबरतच, म्हणाली, "कोण म्हणतं, तिथे काकांचं नाव लिहू?"

ताईने खाली पाहिलं. दादाभोवती माणसांचं कोंडाळं झालं होतं, त्याचं नुसतं टक्कल दिसत होतं आणि प्रत्येकजण त्याला काही ना काही विचारत होता.

"खाली जा," ती म्हणाली. "आधी त्यांना विचारून ये."

बिट्टी कार्ड छातीशी धरून दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावली.